पुण्यात घरपोच मिळणारा मिक्स मशरूम बॉक्स: घ्यावा का, आणि घेतलात तर शिजवावा कसा

आधीच सांगते, बॉक्स चांगलाय, घ्या. पण घेऊन त्याची बटर मसाला ग्रेव्ही करणार असाल तर नका घेऊ, त्यासाठी भाजीवाल्याकडचं दोनशे ग्रॅमचं बटण मशरूमचं पाकीट पुरतं आणि ते कितीतरी स्वस्त पडतं. या बॉक्समधल्या प्रत्येक जातीची चव वेगळी, पोत वेगळा, पाणी सोडायची पद्धत वेगळी, आणि सगळं एकाच कढईत काजूच्या ग्रेव्हीत बुडवलं की साडेसहाशे रुपये कुठे गेले ते कळतही नाही. लिहायला बसले ते याचसाठी, कारण आमच्या सोसायटीत बॉक्स मागवणारे आता बरेच झालेत आणि त्यातल्या निम्म्यांचं म्हणणं एकच, "काही विशेष नाही हो, नेहमीच्या मशरूमसारखंच लागतं." कसं केलं विचारलं की उत्तर ठरलेलं, कांदा टोमॅटो काजू आणि वरून क्रीम.

तर बॉक्स कुठला. मुळशीच्या बाजूला एक नवरा-बायको शेड टाकून मशरूम करतात, छोटं युनिट आहे, दुकान नाही, जाहिरात नाही, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतात आणि आठवड्यातून दोनदा पुण्यात पोचवतात. ऑर्डर वहिनी बघतात, शेडचं सगळं दादांकडे. दादांचं ट्रेनिंग सोलनला झालंय, हिमाचलमधलं सोलन, तिथे केंद्र सरकारचं मशरूम संशोधन संचालनालय आहे आणि १९९७ पासून त्या गावाला भारताची मशरूम सिटी म्हणतात. बॉक्समध्ये साधारण साडेपाचशे ग्रॅम माल येतो: दोनशे ग्रॅम ऑयस्टर म्हणजे आपली धिंगरी, दीडशे ग्रॅम किंग ऑयस्टर, शंभर ग्रॅम ताजं शिताके आणि चौथं पाकीट बदलतं असतं, कधी लायन्स मेन कधी एनोकी. किंमत ६५० रुपये, डिलिव्हरी त्यातच.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ताजेपणा, आणि धिंगरीच्या बाबतीत ताजेपणा हेच सर्वस्व आहे. धिंगरी फार नाजूक, सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलेली असते ती बऱ्याचदा कडेनं पिवळी पडलेली आणि खाली पाणी साठलेलं, हात लावला की चिकट. इथे सकाळी काढलेली संध्याकाळी दारात येते. टोप्यांच्या कडा खाली वळलेल्या असतात, म्हणजे योग्य वेळी काढलीये, कडा वर उलटून लाटेसारख्या झाल्या की ती जून समजायची. देठाच्या बुडाशी किंवा टोपीवर कधीकधी पांढरी लव दिसते, ती बघून एका शेजारणीनं अख्खं पाकीट फेकून दिलं, तर ते करू नका, ती बुरशी लागलेली नसते, ते मशरूमचंच अंग आहे. खराब झालेलं ओळखायची खूण वेगळी, चिकट बुळबुळीत स्पर्श आणि आंबट किंवा मासळीसारखा वास, तो आला की मात्र सरळ टाकून द्यायचं. आणि घरी आल्यावर प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, धिंगरी तीन दिवसांत संपवा, किंग ऑयस्टर आठवडाभर सहज राहतं. धुवायचं की नाही यावर लोक भांडतात, नळाखाली झटकन धुवून लगेच फडक्यानं टिपलं तर काही बिघडत नाही, भिजत मात्र घालू नका.

आता शिजवण्याकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. हे पाणी आधी घालवायचं आणि मग तेल, तूप, मसाला, हा एक नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. बहुतेकजण उलटं करतात, कढईत तेल, त्यात कांदा, त्यावर मशरूम, वर झाकण, मग ते आपल्याच पाण्यात उकडतं आणि रबर झाल्यासारखं लागतं. जास्त शिजवल्यामुळे असं झालं अशी समजूत असते पण तसं नाहीये, मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि कायटिन उष्णतेला दाद देत नाही, भाज्या शिजून शिजून लगदा होतात तसं याचं होत नाही. म्हणजे आच मोठी ठेवायची आणि बिनधास्त भाजायचं, जळू नये एवढंच बघायचं.

धिंगरीचं सुकं मी असं करते. सुरीनं कापत नाही, टोपीपासून देठाकडे हातानं उभी फाडते, खालच्या पडद्यांच्या रेषा असतात त्याच दिशेनं ती आपोआप फाटत जाते. लोखंडी तवा चांगला तापवायचा, तेलाचा थेंब नाही, आणि फाडलेले तुकडे एकाच थरात पसरायचे, गर्दी करायची नाही, दोनदा करावं लागलं तरी चालेल. हलवायचं नाही. आधी तवा चरचरतो, मग आवाज बसतो, पाणी सुटतं, तुकडे आक्रसून निम्मे होतात, वाफ येत राहते, आणि चार-पाच मिनिटांनी परत चरचर ऐकू यायला लागते, ती ऐकू आली की समजायचं पाणी संपलं. आता कडा तपकिरी व्हायला लागतात आणि भाजलेल्या दाण्यांच्या जवळ जाणारा वास येतो. मग कडेनं चमचाभर तेल आणि तेव्हाच मीठ, आणि एक मिनिटात खाली. दुसऱ्या कढईत बारीक कांदा लालसर परतायचा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, थोडे धणे यांचं कोरडंच वाटण, कांदा-लसूण मसाला, दोन आमसुलं, अगदी घोटभर पाणी, आणि वाटणाला तेल सुटलं की भाजलेली धिंगरी त्यात घालून फक्त कालवायची. झाकण नको. ज्वारीची भाकरी आणि हे, बाकी ताटात काही नसलं तरी चालतं. आमच्या सासूबाई मशरूमला "कुत्र्याच्या छत्र्या" म्हणायच्या आणि ताटात घ्यायच्या नाहीत, आता बॉक्सच्या दिवशी त्याच विचारतात, "आज सुकं करणारेस ना गं?"

कधीकधी धिंगरीत गुलाबी जात येते. दिसायला इतकी सुंदर की फोटो काढावासा वाटतो, पण शिजवली की रंग जातो, फिकट केशरी होते, त्यामुळे रंगासाठी म्हणून जास्त पैसे देऊ नका. आणि ती आली त्याच दिवशी करा, ही सगळ्यात लवकर खराब होणारी. वहिनी याबाबतीत प्रामाणिक आहेत, आदल्या रात्री मेसेज येतो, "ताई, उद्या पिंक निघतेय, लगेच करणार असाल तरच देते." असं सांगणारा विक्रेता मला जपून ठेवावासा वाटतो.

किंग ऑयस्टर हा या बॉक्समधला माझा सगळ्यात आवडता भाग. टोपी एवढीशी आणि देठ जाडजूड, पांढराशुभ्र, आणि खायचा तो देठच. मूळचं भूमध्य समुद्राच्या बाजूचं, थंड हवा लागते, म्हणून दादा ते एसी खोलीत करतात आणि म्हणून महाग. कच्चं असताना वास जवळजवळ नसतोच, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला वाटतं यात काय आहे. यात पोत आहे! देठाच्या बोटभर जाडीच्या गोल चकत्या करा, दोन्ही बाजूंनी सुरीनं आडव्याउभ्या उथळ चिरा द्या, कोरड्या तव्यावर दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजा. मग आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ आणि मीठ लावून वीसेक मिनिटं ठेवा, चिरा दिल्यात त्यात मसाला मुरतो. तांदळाचं पीठ आणि रवा एकत्र करून त्यात घोळवा आणि शॅलो फ्राय. सुरमईच्या तुकडीचा रवा फ्राय जसा वरून कुरकुरीत आणि आतून लुसलुशीत हवा असतो अगदी तसा हा होतो, सोबत सोलकढी आणि भात. श्रावणात मासे बंद असतात त्या घरांत तर हा हिट आहे, अर्थात काही घरांत चातुर्मासात अळंबीच चालत नाही, त्यांनी गणपती-नवरात्र होऊन देव उठेपर्यंत थांबावं. फक्त पहिलं कोरडं भाजणं चुकवू नका, नाहीतर तळताना आतून पाणी सुटतं आणि रव्याचं आवरण सुटून येतं.

शिताकेबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेकांना ते कळत नाही, मलाही सुरुवातीला त्याचा वास जड वाटायचा. जपानमध्ये किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट नावाचा पदार्थ वेगळा काढला आणि त्याच्या खोल, रुचकर चवीला उमामी म्हटलं, पुढे १९५७ च्या सुमाराला अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं की शिताकेत ग्वानिलेट नावाचा दुसरा पदार्थ तेच काम करतो. आणि महत्त्वाचं हे की दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते. हे स्वयंपाकघरात का कामाचं, तर पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. म्हणजे शिताके आणि टोमॅटो एकत्र आलेच पाहिजेत, आणि आपल्याकडे टोमॅटोचं सार आहे की!

पण ते ताज्या शिताकेनं जमत नाही, वाळवलेलं लागतं, वाळवून परत भिजवलं की ग्वानिलेट वाढतं. म्हणून बॉक्समधलं निम्मं शिताके मी वाळवते. पातळ चिरून ताटात पसरून कडक उन्हात ठेवायचं, दोन-तीन दिवसांत इतकं वाळतं की मोडताना कट्ट आवाज येतो, मग बरणीत. उन्हाचा आणखी एक फायदा, मशरूममध्ये अर्गोस्टेरॉल असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड जीवनसत्त्व होतं, शाकाहारी घरात हे खाण्यातून दुसरीकडून मिळणं अवघडच. सार करायच्या आदल्या रात्री मूठभर चकत्या दोन कप गार पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा, गरम पाण्यात घाईनं भिजवू नका, गार पाण्यात सावकाश भिजलेल्याची चव खोल येते. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते गाळून उकडलेल्या टोमॅटोच्या रसात घाला, नारळाचं दूध, चवीला गूळ-मीठ, आणि तूप-जिरं-कढीपत्ता-हिरवी मिरचीची फोडणी. यात मशरूम आहे हे कोणाला ओळखता येत नाही, फक्त वाटी परत पुढे येते. भिजलेल्या चकत्या फेकायच्या नाहीत, त्या मसालेभातात घालायच्या. देठ चिवट असतात ते खायच्या भाजीत नको, पण भिजवताना घाला, रस उतरतो.

उरलेलं ताजं शिताके तुपात लसूण-मिरीवर परतून घावनांबरोबर खातो आम्ही. एक सांगून ठेवते, शिताके कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाऊ नका, काहींना त्यानं अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे येतात, त्वचारोगाच्या डॉक्टरांना हे माहीत असतं. नीट शिजवलं की हा त्रास सहसा होत नाही.

आता तक्रारी. चौथ्या पाकिटात एनोकी का देतात हे मला पटलेलं नाही. ती लांब पांढऱ्या दोऱ्यांची जुडी, अंधारात आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवून वाढवतात म्हणून इतकी पांढरी आणि लांब. ही त्यांच्या शेडमधली नाही, बाहेरून सीलबंद येते, म्हणजे ज्या ताजेपणासाठी आपण पैसे मोजतो तो इथे नाहीच. शिवाय एनोकी लोक सॅलडमध्ये कच्चं घालतात, ते बिलकुल करू नका, २०२० मध्ये अमेरिकेत कोरियाहून आलेल्या एनोकीमधून लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची साथ झाली होती आणि त्यात चार माणसं गेली. उकळत्या सूपमध्ये नीट शिजवून खा, गरोदर बायकांनी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तर जास्तच काळजी घ्या. मी वहिनींना स्पष्टच सांगितलं की एनोकी असेल त्या आठवड्यात मला त्याऐवजी धिंगरी द्या, आणि त्या विनातक्रार देतात, तुम्हीही सांगा.

लायन्स मेन असेल तर मात्र सोडू नका. पांढऱ्या केसाळ गोळ्यासारखं दिसतं, टोपी नाही, पडदे नाहीत, नुसते लोंबणारे बारीक काटे. पांढरंशुभ्र असेल तेव्हाच घ्या, पिवळट किंवा तपकिरी झालं की कडू लागतं, एकदा मला तसं आलं होतं आणि फोटो पाठवल्यावर त्यांनी पुढच्या बॉक्समध्ये बदलून दिलं. आत स्पंजसारखं पाणी धरलेलं असतं म्हणून जाड तुकडे करून कोरड्या तव्यावर ठेवायचे आणि वरून जड पातेलं दाबून ठेवायचं, पाणी निघून जातं आणि तुकडा चपटा सोनेरी होतो. मग बोटांनी कुस्करलं की धागे धागे होतात, खेकड्याच्या मांसाशी याची तुलना करतात ती अगदी बरोबर आहे. त्यात उकडलेला बटाटा थोडासाच, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, आणि रव्यात घोळवून कटलेट. बॉक्ससोबत येणाऱ्या कागदावर लिहिलंय की हे खाल्ल्यानं स्मरणशक्ती वाढते, तर तसं समजून विकत घेऊ नका, माणसांवर झालेले अभ्यास अजून छोटे आहेत, चवीसाठी घ्या. तो कागद एकूणच बदलायला हवा, त्यावर सगळ्या जातींसाठी एकच रेसिपी आहे आणि ती म्हणजे तीच ग्रेव्ही. इतका मन लावून पिकवलेला माल आणि सोबत असा कागद, वाईट वाटतं.

वेगळे पैसे देऊन त्यांच्याकडे हिमाचलची वाळलेली गुच्छी पण मिळते, दहा ग्रॅमची पुडी. गुच्छी जंगलातून गोळा करतात म्हणून किलोचा भाव हजारोंमध्ये जातो. सणाला एक पुलाव करायचा असेल तर घ्या, कोमट पाण्यात भिजवा, उभी चिरून आतली माती-रेव धुवा, भिजवलेलं पाणी फडक्यातून गाळून भातालाच वापरा. आणि पूर्ण शिजवा. २०२३ मध्ये अमेरिकेत माँटाना राज्यात एका हॉटेलात कच्ची आणि अर्धवट शिजलेली गुच्छी खाऊन पन्नासएक लोक आजारी पडले आणि दोघे दगावले, म्हणजे नुसती जात ओळखीची असून भागत नाही.

पावसाळ्यात कोणीतरी त्यांना हमखास विचारतं की गोव्यात मिळते तशी रोण अळमी किंवा विदर्भातल्या सात्या द्याल का. दादा नाही म्हणतात आणि ते बरोबरच आहे. ती अळंबी वारुळातल्या वाळवीच्या आधारानं उगवते, वाळवी नसेल तर नाहीच, त्यामुळे शेडमध्ये करता येत नाही, आणि जंगलातली कोणी आणून दिलेली दुसऱ्याला विकायची तर ओळखणारा माणूस पिढ्यांचा हवा. तुम्हीही पावसात कुठे उगवलेली दिसली म्हणून तोडून आणू नका.

एप्रिल-मेमध्ये बॉक्स थोडा बदलतो, उन्हात धिंगरीचे बेड नीट येत नाहीत, मग दुधी अळंबी येते. ही आपली भारतातलीच जात, १९७४ मध्ये बंगालमधून नोंदली गेली, तीस-पस्तीस डिग्रीला छान वाढते आणि फ्रीजमध्ये टिकतेही जास्त. गुबगुबीत, मांसल, चव सौम्य. हिच्या जाड फोडी करून कोल्हापुरी रस्सा करा, रश्शात फोड फुटत नाही, दुसऱ्या दिवशी तर अजून चांगला लागतो.

पैशांचं म्हणाल तर नुसती धिंगरी घेतली तर त्यांच्याकडे पाव किलो नव्वद रुपयांना मिळते, आणि बजेट बेतानं असेल तर मी तेच सुचवेन, बॉक्स महिन्यातून एकदा आणि मधे नुसती धिंगरी. शिताके शंभर ग्रॅम कमी पडतं, चार माणसांच्या घरात एका वेळेलाही पुरत नाही, ते दीडशे करून पन्नास रुपये वाढवले तरी लोक देतील. पॅकिंग कागदी खोक्याचं, भोकं पाडलेलं, हे फार चांगलं. डिलिव्हरीची वेळ मात्र बेभरवशाची, संध्याकाळी पाच म्हणतात आणि कधी आठ वाजतात, उन्हाळ्यात हा उशीर मालाला सोसत नाही, ज्या दिवशी उशीर झाला त्या दिवशी धिंगरीच्या कडा मऊ पडलेल्या होत्या. पावसाळ्यात घाटाकडचा रस्ता अडला तर ते स्वतःच फोन करून ऑर्डर पुढे ढकलतात आणि पैसे अडकवून ठेवत नाहीत.

ऑर्डर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत द्यावी लागते, माल दुसऱ्या दिवशी येतो. पहिल्यांदा घेत असाल तर मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: एनोकी नको, गुलाबी असेल तर आधी कळवा, आणि किंग ऑयस्टर जाड देठाचं निवडून द्या. बॉक्स आला की त्याच रात्री धिंगरी करा, किंग ऑयस्टर रविवारसाठी ठेवा आणि शिताके सकाळी उन्हात टाका.